सहा व्होल्टांचा संसार

साताऱ्यात जुनी मोटारसायकल सांभाळणाऱ्या माणसाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि दसऱ्याला त्याचा निकाल लागतो. मृगाचा पाऊस लागला की यवतेश्वरच्या घाटात धुके उतरते, रस्त्याच्या कडांना लाल चिखल साचतो, आणि ज्याने मडगार्डांवर आणि चाकांच्या रिमांवर पैसा व जीव दोन्ही खर्च केलेले असतात, तो आपली गाडी ताडपत्रीखाली ढकलून मोकळा होतो. पुढे गणपती येतात, नवरात्र बसते, खंडेनवमीला गाडी धुऊन-पुसून बाहेर काढली जाते, हँडलला झेंडूचा हार घातला जातो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, आणि नेमक्या त्या वेळी हॉर्नचे बटण दाबले की घसा बसल्यासारखा आवाज येतो, किंवा तोही येत नाही. इंजिनाला काहीच झालेले नसते. पेट्रोल ताजे असते, प्लग साफ असतो. चार महिन्यांत गेलेली असते ती बॅटरी, आणि ती चालून गेलेली नसते, बसून गेलेली असते.

मग दुकानांच्या फेऱ्या सुरू होतात आणि सगळीकडे एकच प्रश्न विचारला जातो : कोणती बॅटरी चांगली? आज बाजारात पाण्याची बॅटरी मिळते, काचेच्या चटईत अ‍ॅसिड शोषून ठेवलेली सीलबंद एजीएम मिळते, घट्ट केलेल्या अ‍ॅसिडची जेल मिळते, लिथियम मिळते, आणि प्रत्येकीचा कैवार घेणारा एक तरी मित्र असतो. माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या गाडीसाठी, त्या गाडीचा डायनॅमो किंवा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र, काय देतो, ते देणे कोण आवरतो, आणि मालक ती गाडी महिन्यातून किती वेळा बाहेर काढतो, एवढे सांगितल्याशिवाय बॅटरीच्या चांगलेपणाला काही अर्थ राहत नाही. मला हे शिकवले ते सदर बझारातल्या एका वयस्क ऑटो-इलेक्ट्रिशियन मामांनी. बॅटरीची किंमत विचारायला गेलो की ते गाडीचे झाकण उघडायला लावायचे आणि म्हणायचे, “दादा, डायनॅमो काय देतोय ते बघा आधी, बॅटरीचं मग इचारा.”

माझ्याकडे दोन गाड्या आहेत. एक सहा व्होल्टांची जावा २५० आणि दुसरी बारा व्होल्टांची, किकने सुरू होणारी बुलेट ३५०. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून जावा बनवायला सुरुवात केली, १९७३ पासून तिच्या टाकीवर येझदी हे नाव आले आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला, त्यामुळे या गाड्यांच्या विजेच्या सुट्या भागांचा शोध हा एक वेगळाच उद्योग आहे. बुलेटचे तसे नाही. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडियाची स्थापना झाल्यापासून तिची वंशवेल तुटलेली नाही आणि बहुतेक सुटे भाग आजही मिळतात. पण बॅटरीच्या दृष्टीने जावाची खरी गोष्ट अशी, की तिच्या प्लगला ठिणगी देण्याचे कामही बॅटरीच करते. बॅटरी पूर्ण उतरली तर जावा किकला दाद देत नाही. अशा वेळेसाठी तिच्या किल्लीला एक वेगळी जागा दिलेली आहे. किल्ली तिथे वळवायची, दुसरा गिअर टाकायचा आणि गाडी ढकलायची, म्हणजे डायनॅमो थेट कॉइलला, ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणाऱ्या गुंडाळीला, वीज पुरवतो. उतारावर हे सोपे असते, आणि साताऱ्यात उतारांची उणीव नाही.

साताऱ्याचाच विषय निघाला आहे तर प्रियाची आठवण काढायला हवी. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या इथल्या कारखान्यातून प्रिया स्कूटर बाहेर पडत असे, आणि तिला बॅटरीच नव्हती. फ्लायव्हील मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या विजेवर, ठिणगी, त्याच्यावरच दिवा आणि हॉर्न. गाडी उभी राहिली की दिवा मंदावे, अ‍ॅक्सिलरेटर पिळला की लख्ख होई. या शहरातल्या एका अख्ख्या पिढीने बॅटरी या वस्तूची काळजी न करता संसार केला, आणि तीच पिढी निवृत्तीनंतर हौसेने जावा किंवा बुलेट घेते तेव्हा बॅटरीपाशी अडखळते, यात मला नवल वाटत नाही.

मामांचा प्रश्न आकड्यांत मांडून पाहू. जावाचा डायनॅमो ४५ वॉटांचा, म्हणजे सहा व्होल्टांना त्याची पूर्ण कमाई साडेसात अँपियर, आणि तीसुद्धा इंजिन बऱ्यापैकी फिरत असताना. आता खर्च पाहा. हेडलाइटचा बल्ब ३५ वॉटांचा, तो जवळजवळ पावणेसहा अँपियर घेतो. मागचा दिवा पाऊण अँपियर घेतो. कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट उघडझाप करत असल्याने तिचा सरासरी खर्च दीड-दोन अँपियर धरावा. बेरीज आठच्या पुढे जाते. म्हणजे रात्री दिवा लावून चालणाऱ्या जावाच्या घरात मिळकतीपेक्षा खर्च थोडा जास्तच असतो आणि तूट भरून निघते ती शिलकीतून, म्हणजे बॅटरीतून. दिवसा पुन्हा शिल्लक जमते. हा हिशेब एकदा ध्यानात आला की “मोठी बॅटरी टाकू” या सल्ल्यातला पोकळपणा कळतो. पेटी मोठी घेतल्याने पगार वाढत नाही. उलट मोठी बॅटरी याच डायनॅमोवर सहसा पूर्ण भरत नाही, आणि अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहणे हाच शिसे-आम्लाच्या बॅटरीचा सर्वांत वाईट रोग आहे. खर्च कमी करणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. सहा व्होल्टांचे एलईडी बल्ब आता मिळतात आणि नुसता मागचा व ब्रेकचा दिवा बदलला तरी रात्रीची तूट बरीच आटोक्यात येते.

सहा व्होल्टांची आणखी एक गोष्ट लोक बॅटरीच्या माथी मारतात. जुन्या वायरिंगमध्ये, गंजलेल्या अर्थमध्ये (बॅटरी फ्रेमला जोडणाऱ्या तारेत) आणि स्विचच्या झिजलेल्या पत्र्यांमध्ये अर्धा-पाऊण व्होल्ट सहज जिरतो. बारा व्होल्टांत तो खपून जातो, सहा व्होल्टांत मात्र तो दहा टक्के असतो, आणि साध्या तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने उतरत असल्यामुळे दहा टक्के व्होल्टेज गेले की उजेड तीसएक टक्क्यांनी कमी होतो. मालकाला वाटते बॅटरी कमकुवत आहे. अर्थचा नट सोडवून, घासून, पुन्हा आवळून पाहिला तर कित्येकदा नव्या बॅटरीचे पैसे वाचतात.

आता बॅटरीच्या जातींकडे वळू. सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत स्वस्त ती पाण्याची. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये शिशाच्या पत्र्यांची जी बॅटरी केली तिचीच ही सुधारलेली वंशज. प्रत्येक सेल दोन व्होल्टांचा, सहा व्होल्टांना तीन सेल, बारा व्होल्टांना सहा. वीज खर्च होताना दोन्ही प्लेटांवर शिशाचे सल्फेट जमते आणि अ‍ॅसिड पातळ होत जाते, भरताना हे सारे उलट घडते. पण सल्फेट आठवडेच्या आठवडे तसेच पडून राहिले तर त्याचे मोठे, कडक स्फटिक होतात आणि मग ते परत विरघळायला तयार नसतात. खंडेनवमीला हॉर्न वाजत नाही त्याचे कारण हे. पूर्ण भरून ठेवलेली पाण्याची बॅटरीसुद्धा दर महिन्याला आपोआप काही टक्के उतरत असते, उन्हाळ्यात अधिक, आणि जुन्या गाडीच्या चिरलेल्या वायरींतून होणारी गळती वेगळीच. जूनमध्ये अर्धी भरलेली बॅटरी ताडपत्रीखाली ठेवणाऱ्याने ऑक्टोबरमध्ये दुकानदाराला दोष देऊ नये.

पाण्याच्या बॅटरीचा मोठा गुण असा, की तिचे पोट उघडून बघता येते. हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे त्यातले अ‍ॅसिड पाण्याच्या किती पट जड आहे, ते काढता येते. पूर्ण भरलेल्या सेलची ग्रॅव्हिटी १.२६० ते १.२८० च्या आसपास असते, उष्ण हवामानासाठी भरलेल्या अ‍ॅसिडची थोडी कमी. १.२०० च्या जवळपास आली की निम्मा माल संपला असे समजावे आणि १.१५० च्या खाली गेली तर बॅटरी उपाशी आहे. यापेक्षाही महत्त्वाची आहे ती सेलासेलांतली तुलना. दोन सेल सारखे आहेत आणि तिसरा ०.०५० पेक्षा जास्त मागे आहे, असे पूर्ण चार्जिंगनंतरही दिसले तर तो सेल जाणार, हे पक्के. सीलबंद बॅटरी ही माहिती तुम्हाला कधीच देत नाही. ती एके दिवशी बंद पडते, इतकेच.

नवी कोरडी बॅटरी दुकानात अ‍ॅसिड भरून लगेच हातात दिली जाते, याबद्दल माझी तक्रार आहे. अ‍ॅसिड भरल्यावर प्लेटांना ते शोषून घ्यायला निदान अर्धा तास द्यावा लागतो, मग पातळी पुन्हा बघावी लागते, आणि त्यानंतर कमी करंटवर काही तास पहिले चार्जिंग करावे लागते. नुसते अ‍ॅसिड भरून बॅटरी साधारण पाऊण भरल्यासारखी असते. ती तशीच बसवली आणि डायनॅमो आधीच काठावर असला, तर ती उरलेला पाव हिस्सा आयुष्यात कधीही भरत नाही. “साहेब, भरलीय, बसवा आणि पळवा,” असे सांगणाऱ्या माणसाला घाई असते, आपल्याला नसावी. त्याच वेळी वाफेच्या नळीवरचे टोपण काढले आहे ना, नळी कुठे दबलेली नाही ना, आणि तिचे टोक चेन व सायलेन्सरपासून दूर खाली सोडले आहे ना, हेही बघून घ्यावे. अ‍ॅसिडची वाफ क्रोमला आणि फ्रेमच्या रंगाला कशी खाते, ते जुन्या जावांच्या बॅटरीच्या पेटीखाली पाहायला मिळते.

पाणी भरायचे ते डिस्टिल्डच, आणि फक्त पाणी. अ‍ॅसिड एकदाच, सुरुवातीला भरायचे असते, कारण वाफ होऊन उडते ते पाणी. घरच्या फिल्टरचे पाणी चालते असे म्हणणारे लोक भेटतात, पावसाचे पाणी धरून ठेवणारेही भेटतात. विहिरीतल्या आणि नळाच्या पाण्यातले क्षार व लोह प्लेटांचे आयुष्य कमी करतात आणि डिस्टिल्ड पाण्याची बाटली चहाच्या एक-दोन कपांच्या भावात मिळते, तेव्हा या काटकसरीत मला काही तथ्य दिसत नाही.

सीलबंद बॅटरीची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९५७ मध्ये जर्मनीत ऑटो याखे यांनी अ‍ॅसिड सिलिकाच्या जेलमध्ये घट्ट करून ठेवण्याची युक्ती काढली. पुढे सत्तरच्या दशकात काचेच्या तंतूंच्या चटईत अ‍ॅसिड शोषून ठेवणारी एजीएम आली. दोन्हींत आत तयार झालेला वायू बहुतांशी आतच पुन्हा पाणी होतो, त्यामुळे पाणी घालावे लागत नाही, बॅटरी आडवी झाली तरी सांडत नाही आणि आपोआप उतरण्याचे प्रमाणही पाण्याच्या बॅटरीपेक्षा बरेच कमी असते. महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी हा शेवटचा गुण फार मोलाचा आहे. माझ्या बुलेटमध्ये मी एजीएमच वापरतो आणि तिच्याबद्दल मला काही म्हणायचे नाही.

पण जुन्या गाड्यांच्या बाबतीत इथे एक मेख आहे. पन्नास-साठच्या दशकांतल्या कित्येक ब्रिटिश गाड्यांच्या सहा व्होल्टांच्या अल्टरनेटरला खऱ्या अर्थाने रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आवरणारा भाग, नव्हताच. दिव्याच्या स्विचबरोबर कॉइल कमी-जास्त जोडल्या जात, एवढाच काय तो ताबा. दिवसा लांब पल्ल्यावर जादा वीज तयार झाली की ती बॅटरीत जायची, बॅटरी ती पाणी उकळवून उडवून टाकायची, आणि मालक महिन्याला पाणी घालायचा. म्हणजे पाणी उडणे हा दोष नव्हता, तो त्या रचनेचाच भाग होता, बॅटरी हाच रेग्युलेटर होता. अशा गाडीत सीलबंद बॅटरी बसवली की तिची झडप उघडते, वायू बाहेर जातो, आणि गेलेले पाणी परत घालण्याची सोय नसल्याने ती आतून सुकून मरते. मालक म्हणतो, एजीएम आमच्या गाडीला मानवत नाही. तिला जादा व्होल्टेज मानवलेले नसते. आधी रेग्युलेटर बसवावा, मग सीलबंद बॅटरी, हा क्रम उलटला की पैसे वाया जातात.

जावाला मात्र रेग्युलेटर आहे. गॅरेजात त्या डबीला सरसकट कटआउट म्हणतात. तिच्या पत्त्या नीट लावलेल्या असतील तर व्होल्टेज सातच्या थोडे वर थांबते आणि एजीएम त्यात सुखाने राहू शकते. पत्त्या चिकटलेल्या किंवा कोणी तरी स्क्रू पिळून ठेवलेल्या असतील तर कोणतीच बॅटरी सुखाने राहणार नाही. म्हणून बॅटरी घेण्याआधी मी मल्टिमीटर लावतो, इंजिनाचा वेग हळूहळू वाढवतो आणि आकडा कुठे थांबतो ते पाहतो. सहा व्होल्टांच्या गाडीत तो साडेसातच्या पुढे पळत असेल, किंवा बारा व्होल्टांच्या गाडीत पंधराच्या पुढे, तर दुकानात जाण्याची घाई करू नये.

सहा व्होल्टांची एजीएम शोधणाऱ्यांना साताऱ्यात सर्वांत सहज मिळते ती इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची किंवा इमर्जन्सी दिव्याची साडेचार अँपियर-तासांची बॅटरी (अँपियर-तास हे साठ्याचे माप). भाजीवाल्याच्या काट्यातली बॅटरी जावात टाकून फिरणारे लोक मी पाहिले आहेत आणि दिवसाच्या छोट्या फेऱ्यांना ती चालतेही. अडचण अशी, की या बॅटरीला साधारणपणे दीड अँपियरच्या आतच चार्जिंग करंट सोसतो, आणि ती उतरलेली असताना डायनॅमो त्याहून जास्त ढकलू शकतो. मग ती तापते आणि फुगते. मी त्याच मापाच्या, एकाच वेळी घेतलेल्या दोन बॅटऱ्या पॅरलल जोडून जुन्या काळ्या एबोनाइटच्या रिकाम्या खोक्यात बसवल्या आहेत. नऊ अँपियर-तास होतात, करंट दोघींत वाटला जातो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला मूळची चौदा अँपियर-तासांची बॅटरीच दिसते. काही शौकीन मित्रांना हा खोटेपणा वाटतो. त्यांचे म्हणणे असे, की अस्सल गाडीत अस्सल पाण्याचीच बॅटरी हवी, झाकणे आणि नळीसकट. त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे, पण ते गाडी दर रविवारी काढतात. जो दर रविवारी गाडी काढतो त्याने खुशाल पाण्याची बॅटरी ठेवावी. माझ्यासारख्याला ते जमत नाही.

लिथियमचा मोह सध्या जोरात आहे. मोटारसायकलींसाठी जी लिथियम बॅटरी येते ती बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेटची असते. टेक्सास विद्यापीठात अक्षय पाढी, जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे रसायन जगापुढे मांडले, आणि २०१९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये गुडइनफ यांचा वाटा होता. मोबाइलमधल्या लिथियमपेक्षा हे रसायन बरेच शांत स्वभावाचे आहे. एक सेल ३.२ व्होल्टांचा, चार जोडले की १२.८. वजन शिशाच्या बॅटरीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढे, आणि नुसते ठेवले तर महिनोन्महिने जवळजवळ न उतरणारे. ऐकायला हे सगळे आपल्या पावसाळ्यासाठीच केल्यासारखे वाटते.

तरीही जुन्या गाडीत मी ती घालणार नाही. पहिले कारण वजनाचे आणि ताकदीचे. हलकेपणाचा उपयोग शर्यतीच्या गाडीला, आणि क्षणात प्रचंड करंट देण्याचा उपयोग सेल्फ-स्टार्टरला. किकने सुरू होणाऱ्या गाडीला दोन्हींचे कौतुक नाही. दुसरे कारण लेबलाचे. काही लिथियम बॅटऱ्यांवर अँपियर-तासांचा जो आकडा छापलेला असतो तो “शिशाच्या इतक्या बॅटरीच्या तोडीचा” अशा अर्थाचा असतो. इंजिन फिरवण्याच्या ताकदीत ती तोड खरी असते, पण प्रत्यक्ष साठा त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच निघू शकतो. ज्या गाडीला रात्री तूट भरून काढायला साठाच हवा, तिच्यासाठी हा सौदा उलटा पडतो. तिसरे आणि मला सर्वांत गंभीर वाटणारे कारण म्हणजे डायनॅमो. उतरलेली लिथियम बॅटरी आतल्या कमी रोधामुळे मिळेल तेवढा करंट ओढून घेते. शिशाची बॅटरी भरत आली की स्वतःहून हात आखडता घेते, लिथियम जवळजवळ शेवटपर्यंत घेत राहते. फक्त व्होल्टेज सांभाळणारा जुना कटआउट आणि साठ वर्षांपूर्वी गुंडाळलेली तार यांच्यावर हा ताण टाकणे मला पटत नाही. आणि व्होल्टेज हाताबाहेर गेले तर बॅटरीतले संरक्षक सर्किट स्वतःला वेगळे करते, त्या क्षणी वायरिंगवर आवरायला कोणी उरत नाही आणि बल्ब उडतात. शिशाची बॅटरी अशा वेळी उकळते, पण जागा सोडत नाही.

बारा व्होल्टांची, चांगला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवलेली गाडी असेल तर लिथियमला माझा विरोध नाही. फक्त तिचा चार्जर वेगळा घ्यावा. शिशाच्या बॅटरीसाठी असलेल्या काही चार्जरांत सल्फेट फोडण्यासाठी जादा व्होल्टेजचे झटके देणारी पायरी असते, ती लिथियमला घातक आहे. १४.६ व्होल्टांच्या पुढे तिला नेऊ नये आणि पार रिकामीही होऊ देऊ नये. गोठणबिंदूखाली तिला चार्ज करू नये हा नियम महाबळेश्वरच्या एखाद्या दवबिंदू गोठवणाऱ्या पहाटेपुरता आपल्याला लागू पडेल, एरवी नाही.

आता चार्जिंग. गावोगावच्या बॅटरीच्या दुकानांत लाकडी फळीवर बॅटऱ्यांची माळ लावलेली असते, एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, आणि टोकाला एक जुना, गुणगुणणारा चार्जर. ही सिरीजची पद्धत ट्रॅक्टर-ट्रकच्या बॅटऱ्यांसाठी ठीक आहे. माळेतल्या सगळ्या बॅटऱ्यांतून सारखाच करंट जातो, हे तिचे वैशिष्ट्य, आणि छोट्या बॅटरीसाठी तेच संकट. चौदा अँपियर-तासांच्या बॅटरीला दहाव्या हिश्शाच्या जुन्या नियमाने १.४ अँपियर पुरे. तिच्या शेजारी ट्रॅक्टरची बॅटरी बसली आणि करंट पाच-सहा अँपियरवर ठेवला, की संध्याकाळी ती गरम, बुडबुडे सोडणारी आणि कोपऱ्यात तपकिरी साका पडलेली मिळते. एका दुकानात माझ्या एका परिचिताच्या बॅटरीचे असेच झाले आणि दुकानदाराने वर “बॅटरीच कच्ची होती” असे ऐकवले. दुकानात द्यायचीच असेल तर करंट किती ठेवणार हे तोंडावर विचारावे, आणि वेगळी लावता येत नसेल तर परत आणावी.

घरी चार्ज करणाऱ्याने दोन-तीन आकडे जवळ ठेवावेत. बारा व्होल्टांच्या पाण्याच्या किंवा एजीएम बॅटरीला भरताना १४.४ व्होल्टांच्या आसपास न्यावे लागते. एजीएमला थोडे वर चालते, जेलला १४.१-१४.२ च्या पुढे नेऊ नये, कारण घट्ट जेलमध्ये वायूचे पडलेले खळगे पुन्हा भरत नाहीत. भरून झाल्यावर कायम जोडून ठेवायची असेल तर १३.५ ते १३.८. सहा व्होल्टांसाठी हे सगळे निम्मे करावे. हे आकडे २५ अंशांचे आहेत. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पारा चाळिशीला टेकतो तेव्हा बारा व्होल्टांच्या बॅटरीला दर अंशाला सुमारे ०.०२ व्होल्ट कमी करायला हवा, म्हणजे पंधरा अंशांना जवळपास ०.३ व्होल्ट. परदेशी थंडीसाठी केलेला आणि तापमान न मोजणारा चार्जर उन्हाळ्यात आपल्याकडे बॅटरीला रोज थोडे थोडे उकडत असतो. दहाव्या हिश्शाने भरताना दहा तास पुरतील असा हिशेब लोक करतात, पण काढले तेवढेच घालून भागत नाही. बारा-चौदा तास लागतात, आणि नंतर चार-पाच तास तसेच ठेवून मग मोजलेले व्होल्टेजच खरे. सहा व्होल्टांच्या पाण्याच्या बॅटरीत ते ६.३ च्या वर असावे, ६.१ असेल तर निम्मीच भरली आहे.

स्वयंचलित चार्जरांबद्दलही थोडी सावधगिरी हवी. सहा आणि बारा व्होल्ट आपोआप ओळखणारा चार्जर पार उतरलेल्या बारा व्होल्टांच्या बॅटरीला सहाची समजू शकतो. हाताने स्विच बदलायचा चार्जर मला अधिक विश्वासाचा वाटतो. काही चार्जर पार मेलेल्या बॅटरीला ओळखतच नाहीत आणि लाल दिवा दाखवून गप्प बसतात. पावसाळ्यात आपल्याकडे वीज दिवसातून अनेकदा जाते-येते, आणि पुष्कळसे चार्जर वीज परतली की पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करतात, भरलेल्या बॅटरीला प्रत्येक वेळी १४.४ पर्यंत चढवतात. म्हणून मी पावसाळाभर चार्जर जोडून ठेवत नाही. बॅटरी गाडीतून काढतो, टर्मिनलांवरची पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतो, पूर्ण भरतो, व्हॅसलीन लावतो, आणि कोरड्या, सावलीच्या जागी लाकडी फळीवर ठेवतो. महिन्याला एकदा मोजून गरजेप्रमाणे भरणे एवढे नंतर पुरते. भरताना निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्के झाला की पेट घेऊ शकतो, म्हणून चार्जिंग स्वयंपाकघरात किंवा देवघराच्या समईजवळ करू नये, चिमटे आधी लावावेत आणि बटण नंतर दाबावे, काढताना बटण आधी.

पॉझिटिव्ह अर्थच्या गाड्यांचे मालक माझ्याकडे अधूनमधून येतात. लुकासचे विजेचे सामान असलेल्या अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस फ्रेमला जोडलेला असतो आणि सवयीने मायनस जोडणाऱ्याचा रेक्टिफायर, म्हणजे अल्टरनेटरची वीज एका दिशेला वळवणारा भाग, तत्काळ जातो. चार्जरला मात्र याचे काही देणे-घेणे नाही. लाल चिमटा प्लसला, काळा मायनसला, फ्रेमशी कोण जोडले आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. बॅटरी गाडीतून काढून भरली की हा गोंधळ मुळातच टळतो.

शहरातल्या वापराबद्दल एक गोष्ट राहून गेली. पोवई नाका ते राजवाडा आणि परत, एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीची बॅटरी कितीही चांगली घेतली तरी रडतच राहते. सिग्नलला, गर्दीत, हळू फिरणाऱ्या इंजिनावर डायनॅमो जवळपास काहीच देत नाही, आणि ब्रेकचा दिवा, हॉर्न, कॉइल खात असतात. बुलेटच्या हेडलाइटमधल्या अँपियर मीटरचा काटा हे स्पष्ट दाखवतो. दिवसा, दिवा न लावता वाईपर्यंत जाऊन आल्यावर तोच काटा मधोमध येऊन स्थिरावतो, म्हणजे शिल्लक भरली. जावाला हा मीटर नाही, लाल दिवा आहे, आणि किल्ली फिरवून ठेवून चहाला बसलेल्या माणसाला तो सांगत असतो की कॉइलमधून अँपियर वाहताहेत.

बॅटरी संपली की ती भंगारात देण्याचा प्रश्न राहतो. त्यातले शिसे वितळवून पुन्हा वापरता येते, त्यामुळे तिला वजनावर भाव असतो, आणि जुन्या बॅटऱ्या परत घेण्याबद्दलचे नियम आपल्याकडे २००१ पासून आहेत, २०२२ मध्ये ते नव्याने आले. नवी घेताना जुनी त्याच दुकानात दिली तर तिची किंमत बिलातून वजा होते. फक्त अ‍ॅसिडसकट घेतात का हे आधी विचारून घ्यावे, कारण काही दुकानदार “रिकामी करून आणा” असे सांगतात, आणि गटारीत ओतलेले ते अ‍ॅसिड, शिशासह, शेवटी वेण्णा नदीतच जाते. अशा दुकानात मी जुनी देत नाही आणि नवीही घेत नाही.